बारशाच्या आधी दोन दिवस

(तृतीय वर्ष, कला)

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. माझी थोरली बहीण पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली आणि आमचे घर कामाला लागले. आईने डिंक, खारीक, खोबरे, अळीव डब्यांत भरून ठेवले. काकूने आजीची जुनी, मऊ झालेली लुगडी फाडून दुपटी शिवली. बाबांनी माळ्यावरचा पाळणा खाली काढला, त्याच्या कड्या घासूनपुसून त्यांना तेल दिले. गल्लीतल्या रिक्षावाल्याला रात्री-अपरात्री हाक मारली तर उठायचे, असे बजावून झाले. डोहाळेजेवण तर सासरी थाटात पार पडलेच होते. तयारीत म्हणून काही कमी नव्हते. फक्त ताईला रात्र रात्र झोप लागत नव्हती, आणि ते शेजारी निजणाऱ्या माझ्याखेरीज कुणाला ठाऊक नव्हते.

तिला भीती वाटत होती. कळांची, दवाखान्याची, आपल्याला हे जमेल की नाही याची. ती कधी बोलून गेलीच, तर बायका हसायच्या आणि सगळ्यांचे होते तसे तुझेही होईल असे सांगून मोकळ्या व्हायच्या. मी पडले कला शाखेची विद्यार्थिनी. मला त्यातले काय कळणार? पण त्याच सुमारास या अंकासाठी डॉ. आनंदीबाई जोशी यांच्यावर लेख लिहिण्याचे मी मराठीच्या मॅडमना कबूल करून बसले होते. ग्रंथालयातून आणलेली पुस्तके घरी होती. दुपारी ताई पलंगावर पाय लांब करून पडायची, आजी सुपात तांदूळ घेऊन निवडत बसायची आणि मी मोठ्याने वाचायची.

आनंदीबाई आपल्याला शाळेपासून माहीत आहेत. अमेरिकेत जाऊन डॉक्टर झालेली पहिली हिंदू स्त्री, एवढे एक वाक्य प्रत्येकाला पाठ असते. काशीबाई कानिटकरांनी त्यांचे मराठी चरित्र लिहिले. कॅरोलाइन डॉल या अमेरिकन लेखिकेने १८८८ मध्ये इंग्रजीत लिहिले. श्री. ज. जोशी यांची 'आनंदी गोपाळ' ही कादंबरी १९६८ साली आली, तिचे नाटक झाले, आणि २०१९ मध्ये त्याच नावाचा चित्रपटही आपण पाहिला. अंजली कीर्तने यांनी वर्षानुवर्षे शोध घेऊन मोठा ग्रंथ सिद्ध केला. इतके सगळे असताना मी नवे काय लिहिणार, असा प्रश्न कुणालाही पडेल. मलाही पडला होता. पण बाळंतपणाच्या उंबरठ्यावर असलेल्या बहिणीशेजारी बसून वाचताना या आयुष्याचे एक निराळेच दार माझ्यापुढे उघडले. त्या दाराने आत गेले म्हणजे काय दिसते, तेवढेच येथे सांगणार आहे.

कल्याणच्या जोशी घराण्यात यमुना ही मुलगी वाढली. जन्म ३१ मार्च १८६५ चा. घराणे एके काळी जमीनजुमल्याचे, पण आता उतरती कळा लागलेले. मुलीचे लग्न वेळेवर उरकणे हीच त्या काळी आईबापांना मोठी काळजी. यमुना नऊ वर्षांची झाली आणि तिचे लग्न झाले. नवरा गोपाळराव विनायक जोशी, मूळचे संगमनेरचे, पोस्टात कारकून, बिजवर आणि वयाने तिच्याहून जवळजवळ वीस वर्षांनी मोठे. लग्नानंतर यमुनेची आनंदी झाली.

गोपाळरावांचे एकच वेड होते. बायकोला शिकवायचे. त्या काळात बायको शिकत बसली तर नवरा मारी. आमच्या या गृहस्थांचे उलटे होते. बायको पुस्तक सोडून स्वयंपाकघरात रमली की ते चिडत आणि हात उगारत. लाकडाच्या ढलप्या, खुर्च्या, पुस्तके, जे हाती येईल ते त्या कोवळ्या पोरीने अंगावर झेलले. पुढे अमेरिकेतून नवऱ्याला लिहिलेल्या पत्रात या माराची आठवण तिने काढली आहे, आणि त्याच पत्रातून त्याच्याविषयीची कृतज्ञताही व्यक्त झाली आहे. या दोन गोष्टी एका पत्रात कशा राहू शकतात, याचे उत्तर मी शोधू गेले नाही. आजीने मात्र तांदळातला खडा काढून बाजूला टाकला आणि मान डोलावली. तिला त्यात काही नवल वाटले नसावे.

यानंतर खरे तर मी एक पान गाळणार होते. पहिलटकरीण समोर निजलेली, आणि त्या पानावर जे होते ते तिच्या कानावर पडू नये असे आईने मला आधीच बजावले होते. म्हणून मी अलिबाग, कोल्हापूर, भूज अशा बदल्यांची नावे घाईने वाचून सरळ कलकत्त्याला पोहोचले. पण आजीचा हिशेब पक्का. नवव्या वर्षी लग्न झाले, अठराव्या वर्षी पोर आगबोटीत बसली, मग मधल्या वर्षांत तिला मूलबाळ झाले नाही का, असे तिने विचारले. ताईनेही मान वळवून माझ्याकडे पाहिले. मग मला सांगावेच लागले.

चौदाव्या वर्षी आनंदीला मुलगा झाला. तो दहा दिवस जगला.

चरित्रांत या दहा दिवसांना चार-दोन ओळींपेक्षा जास्त जागा मिळत नाही. नीट वैद्यकीय मदत मिळाली नाही आणि मूल गेले, एवढे सांगून लेखक पुढच्या प्रवासाला लागतात. पण बाळंतिणीच्या खोलीचा हिशेब ज्यांना माहीत आहे त्यांना दहा दिवस म्हणजे काय ते कळेल. पाचवी पुजली जाते. सहाव्या रात्री सटवाई येऊन बाळाच्या कपाळावर त्याचे नशीब लिहून जाते, म्हणून पाटावर कोरा कागद आणि लेखणी ठेवतात. बाराव्या दिवशी बारसे. दहा दिवसांचे मूल म्हणजे पाचवी झालेले, सटवाईने लिहिलेले, पण अजून नाव न मिळालेले मूल. बारशाच्या आधी दोन दिवस ते गेले.

आजीने सूप खाली ठेवले. बराच वेळ कुणी काही बोलले नाही. मग आजी बोलू लागली, आणि जे बोलली ते आमच्या घरात आजवर कुणी ऐकले नव्हते. तिचे लग्न पंधराव्या वर्षी झाले. सोळावे सरता सरता पहिला मुलगा झाला. गावातल्या सुईणीने केले, कळा दीड दिवस चालल्या, आणि मूल तिसऱ्या दिवशी गेले. पुढे तिला चार मुले झाली, त्यातले माझे बाबा दुसरे. पण त्या पहिल्याची गोष्ट तिने कधी काढली नव्हती. तिला आठवत होते ते वेगळेच. मूल गेले त्या संध्याकाळी खोलीतली शेगडी विझवली गेली. मूलच नाही तर बाळंतीण कसली, असा कुणीतरी हिशेब केला असावा. लाडवांचा डबा फडताळात वर गेला. पण शरीराला हे कोण सांगणार? चौथ्या दिवशी तिला दूध आले. सासूबाईंनी काही न बोलता धडप्याने छाती आवळून बांधली, आणि दहाव्या दिवशी ती विहिरीवर पाणी भरायला गेली. हे सगळे सांगताना तिच्या आवाजात तक्रार नव्हती. तांदूळ निवडताना बोलावे तसे ती बोलली.

मी आनंदीबाईंवर लेख लिहिते आहे खरी, पण या लेखातले जे काही मला समजले, ते त्या दुपारी समजले.

आपण थोरांची चरित्रे लिहिताना एक सोपी वाट धरतो. मूल गेले, आईने निश्चय केला, ती डॉक्टर झाली. दोन बिंदूंमध्ये एक सरळ रेघ. आनंदीबाईंच्या आयुष्यात ही रेघ इतकी सरळ नव्हती. गोपाळरावांनी पत्नीच्या शिक्षणासाठी एका अमेरिकन मिशनऱ्याला पत्र लिहिले ते १८७८ मध्ये. उत्तर आले ते धर्म बदलण्याची सूचना घेऊन, आणि ती या जोडप्याने मान्य केली नाही. पण तो पत्रव्यवहार अमेरिकेतल्या एका मिशनरी मासिकात छापून आला. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर या बाई १८८० मध्ये दंतवैद्याकडे आपली पाळी येण्याची वाट पाहत बसल्या असता त्यांच्या हाती तो अंक पडला. कुठल्या कोण परक्या देशातल्या मुलीच्या शिकण्याच्या इच्छेने त्या हलल्या आणि त्यांनी पत्र धाडले. पुढे आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या. रक्ताचे नाते नसलेली ही मावशी शेवटपर्यंत टिकली.

इकडे गोपाळरावांची बदली बंगालमध्ये झाली. आनंदीबाईंची प्रकृती ढासळू लागली होती. डोके दुखे, ताप येई, कधी श्वास लागे. मावशींनी अमेरिकेहून औषधे पाठवली, पण गुण आला नाही. स्वतःचे दुखणे कुणा परक्या पुरुषाला दाखवावे लागणे म्हणजे काय, हे त्या काळच्या प्रत्येक स्त्रीला माहीत होते. बाई मरेल पण डॉक्टरपुढे तोंड उघडणार नाही, अशी स्थिती होती. बाळंतपणाच्या बाबतीत तर बोलायलाच नको. ते सारे सुईणीच्या हाती. तिच्या हाताला अनुभव असे, माया असे, पण अडलेली बाई सोडवण्याचे शास्त्र तिला कुणी शिकवलेले नसे. युरोपात झेमेलवाइस या डॉक्टरने १८४७ मध्येच दाखवून दिले होते की, बाळंतिणीला तपासण्याआधी वैद्याने क्लोरीनच्या पाण्याने हात धुतले तर सूतिकाज्वराने होणारे मृत्यू झपाट्याने कमी होतात. पण ही गोष्ट युरोपातल्या डॉक्टरांनाही पटायला पुढची कित्येक वर्षे जावी लागली. मग आपल्याकडच्या अंधाऱ्या खोलीपर्यंत ती कधी पोहोचणार?

२४ फेब्रुवारी १८८३ रोजी सेरामपूर कॉलेजच्या सभागृहात आनंदीबाईंनी जाहीर भाषण केले. वय अठरा पुरे व्हायचे होते. त्यांनी लोकांचे सहा प्रश्न घेतले आणि एकेकाला उत्तर दिले. अमेरिकेलाच का? हिंदुस्थानात शिकता येणार नाही का? एकटी का जातेस? परत आल्यावर जातीबाहेर टाकले तर? वाटेत काही बरेवाईट झाले तर? आणि कुणा बाईने केले नाही ते तू का करावे? त्यांच्या उत्तराचा गाभा असा होता की, या देशाला स्त्री-डॉक्टरांची गरज आहे आणि ती पुरी करायला कुणीतरी आधी निघालेच पाहिजे. हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परतेन, असेही त्यांनी सांगितले. भाषणाची वार्ता पसरली आणि देशातून मदत येऊ लागली. ७ एप्रिल १८८३ रोजी काही मिशनरी स्त्रियांच्या सोबतीने त्या कलकत्त्याहून निघाल्या आणि ४ जूनला न्यूयॉर्कच्या बंदरात उतरल्या. मावशी धक्क्यावर उभ्या होत्या. नवरा मागे राहिला होता. ही मुलगी प्रथमच आपल्या मनाने चालत होती.

फिलाडेल्फियाचे वुमन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनिया १८५० मध्ये स्थापन झालेले. केवळ स्त्रियांना वैद्यक शिकवणारे असे महाविद्यालय तेव्हा जगात विरळा. तेथील अधिष्ठात्री डॉ. रेचेल बॉडली यांनी या विद्यार्थिनीचा अर्ज स्वीकारला आणि तीन वर्षांसाठी ६०० डॉलरची शिष्यवृत्ती दिली. त्या काळचे एक छायाचित्र तुम्ही पाहिले असेल. १८८५ च्या ऑक्टोबरातले ते आहे. तिघीजणी आपापल्या देशाच्या वेषात: साडी नेसलेल्या आनंदीबाई, जपानच्या केइको ओकामी आणि दमास्कसच्या सबात इस्लामबुली. तिघीही पुढे आपापल्या देशाच्या पाश्चात्त्य वैद्यकातल्या पहिल्या-वहिल्या स्त्री-पदवीधर म्हणून गणल्या गेल्या. छायाचित्रात आनंदीबाईंचा चेहरा गंभीर आहे. थंडी सोसत नव्हती, अन्न मनासारखे नव्हते, खोलीतली शेगडी धुराने भरे, आणि नवऱ्याची पत्रे मायेइतकाच संशय आणि राग घेऊन येत. क्षयाने शरीरात पाय रोवले ते याच दिवसांत.

११ मार्च १८८६ रोजी त्यांना एम. डी. ही पदवी मिळाली. समारंभाला पंडिता रमाबाई इंग्लंडहून आल्या होत्या. गोपाळरावही अमेरिकेत येऊन पोहोचले होते. व्हिक्टोरिया राणीकडून अभिनंदनाचा निरोप आला. हे सगळे आपल्याला माहीत असते. आपल्याला सहसा ठाऊक नसते ते पदवीसाठी त्यांनी लिहिलेल्या प्रबंधाचे नाव. आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हा त्यांचा विषय होता. जगभरचे रोग पुस्तकांत मांडलेले असताना या मुलीने निवडले ते बाळंतपण, आणि तेही आपल्या लोकांतले. एका बाजूला अमेरिकेतली आधुनिक पाठ्यपुस्तके, दुसऱ्या बाजूला आपले प्राचीन वैद्यकग्रंथ, अशा दोन्हींच्या आधाराने तो प्रबंध उभा राहिला आहे.

हे वाचल्यावर आपल्या जुन्या ग्रंथांत बाळंतपणाविषयी आहे तरी काय, हे पाहावे असे मला वाटले. संस्कृतच्या सरांनी चरक आणि सुश्रुत यांच्या संहितांतले शारीरस्थान काढून दिले आणि शेजारी बसून समजावले. मी थक्क झाले. चरकसंहितेत गर्भिणीला काठोकाठ तेलाने भरलेल्या भांड्याची उपमा दिली आहे. तिला घरच्यांनी असे सांभाळावे की थेंब हिंदकळू नये. महिन्या-महिन्याचा आहार सांगितला आहे. पहिल्या महिन्यात साधे दूध, मग औषधी घातलेले, मग मध-तुपाबरोबर, मग लोणी, मग तूप. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात स्त्री दोन हृदयांची होते, म्हणून तिच्या इच्छांचा मान राखावा. आपल्या डोहाळ्यांचे मूळ हेच. नववा महिना लागण्याआधी सूतिकागृह तयार हवे. तेथे अनेक बाळंतपणे झालेल्या, प्रेमळ आणि कुशल बायका सतत तिच्याजवळ असाव्यात, त्यांनी तिला धीर द्यावा, तिच्या मनाला प्रसन्न ठेवावे. कळ नसताना जोर करू नये, कळ आल्यावरच करावा, असा अगदी व्यवहाराचा सल्लाही त्यात आहे. म्हणजे बाळंतपणाची तयारी ही नुसती डिंकाच्या लाडवांची तयारी नव्हे, तर शरीर, मन, घर आणि सोबत अशी चारही अंगांनी करायची असते, हे त्या जुन्या वैद्यांना ठाऊक होते.

आणि आणखी एक गोष्ट त्यांना ठाऊक होती. सुश्रुतसंहितेत स्पष्ट म्हटले आहे की, सोळा वर्षांपेक्षा लहान मुलीच्या ठिकाणी गर्भ राहिला तर तो पोटातच दगावतो. जन्मलाच तर फार दिवस जगत नाही. जगलाच तर दुबळा राहतो. म्हणून फार लहान मुलीच्या ठायी गर्भाधान करू नये.

हे वाचताना माझ्या अंगावर काटा आला. शास्त्राचे नाव घेऊन नऊ वर्षांच्या मुलीला बोहल्यावर उभी करणाऱ्या समाजाच्या घरात, त्याच शास्त्राच्या पोथीत हे लिहिलेले होते. चौदाव्या वर्षी आई झालेल्या आनंदीचे मूल दहा दिवसांनी गेले, तेव्हा ते सटवाईच्या लेखणीचे काम आहे असेच सगळ्यांनी मानले असेल. सटवाईच्या कितीतरी आधी सुश्रुताने ते लिहून ठेवले होते. आनंदीबाई गेल्यावर चार वर्षांनी, १८९१ मध्ये, संमतिवयाचा कायदा झाला आणि मुलीचे संमतिवय दहावरून बारा करण्यात आले. त्यावर महाराष्ट्रात केवढे रण माजले ते इतिहासाचे विद्यार्थी जाणतात. धर्म बुडाला असा एकच ओरडा झाला. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांसारख्या पंडिताने शास्त्रवचनांच्याच आधारे कायद्याची बाजू मांडली तेव्हा कुठे त्या ओरड्याला उत्तर मिळाले. दहाची बारा वर्षे! सुश्रुताच्या सोळापासून ती केवढी दूर होती!

पुढची कथा थोडक्यात सांगते, कारण ती थोडकीच आहे. कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलातल्या स्त्री-विभागाच्या प्रमुख म्हणून आनंदीबाईंची नेमणूक झाली. ज्या कोल्हापुरात त्या पोस्टातल्या कारकुनाची मुलखावेगळी बायको म्हणून राहिल्या, तेथेच आता डॉक्टर म्हणून जायचे होते. स्त्रियांसाठी वैद्यकीय महाविद्यालय काढावे असा त्यांचा मानस होता. पण १८८६ च्या नोव्हेंबरात त्या मुंबईला उतरल्या त्या आजारी अवस्थेतच. कोल्हापूरच्या कामावर त्या रुजू होऊ शकल्या नाहीत. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. बाविसावा वाढदिवस अजून महिनाभर दूर होता. त्यांच्या अस्थी मावशींकडे अमेरिकेला पाठवण्यात आल्या आणि न्यूयॉर्क राज्यातल्या पोकीप्सी येथील दफनभूमीत कार्पेंटर कुटुंबाच्या जागेत त्यांना विसावा मिळाला.

म्हणजे ज्या कामासाठी एवढा खटाटोप केला, ते काम त्यांच्या हातून झालेच नाही. कोल्हापूरच्या एकाही बाळंतिणीची नाडी त्यांना पाहता आली नाही. हे मी वाचले तेव्हा ताई हळूच म्हणाली की, मग या सगळ्याचा उपयोग काय झाला? मी उत्तर शोधत होते. उत्तर आजीने दिले. ती म्हणाली की पोरीने वाट तर दाखवली. आणि तिच्या वेळी कुणी अशी पुस्तके मोठ्याने वाचली असती, तर तिने निदान सासूला विचारले तरी असते की माझे काय चुकले. साठ-सत्तर वर्षे आजी मनात हाच प्रश्न घेऊन वावरत होती. आपले काय चुकले? काही चुकले नव्हते. सोळा वर्षांच्या अशक्त पोरीचे, दीड दिवसाच्या कळांचे, दवाखाना जवळ नसण्याचे ते काम होते. पण हे तिला कुणी सांगितले नव्हते.

त्या दुपारनंतर आमच्या घरातली तयारी थोडी बदलली. आईने स्वतःहून ताईशेजारी निजायला सुरुवात केली. सरकारी दवाखान्यात दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर स्त्रियांची मोफत तपासणी होते. २०१६ पासून ही योजना देशभर चालू आहे. तेथे ताईबरोबर भावजी गेले. पुरुष माणसाचे तिथे काय काम, असे शेजारच्या काकू म्हणाल्या, तरी गेले. परिचारिका बाईंनी दोघांना बसवून कळ आली म्हणजे श्वास कसा घ्यायचा, कमरेला कुठे दाबायचे, बाळाला पहिल्या तासाभरात छातीशी का घ्यायचे, ते समजावून दिले. प्रसूतीच्या वेळी बाईला हवे ते माणूस तिच्यासोबत असावे, असे आता जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. चरकाने सांगितलेल्या त्या प्रेमळ बायकाच म्हणायच्या! ताईने सोबत म्हणून कुणाला निवडले असेल? आजीला. ऐंशी ओलांडलेली आजी दवाखान्याच्या खोलीत ताईचा हात धरून बसली होती, आणि कळ नसताना उगाच जोर करू नकोस असे तिला सांगत होती, असे भावजी नंतर म्हणाले. तिने चरक वाचला नव्हता. पण मी वाचला तेव्हा ती ऐकत होती.

ताईला मुलगी झाली. दोघी सुखरूप आहेत.

येथे लेख संपवता आला असता. पण मला माझ्या वर्गमैत्रिणींना आणि प्राध्यापकांना एक गोष्ट सांगायची आहे. २०१८ ते २० या काळाच्या सरकारी पाहणीप्रमाणे महाराष्ट्रात एक लाख जिवंत जन्मांमागे ३३ माता दगावत होत्या, तर देशात ९७. आनंदीबाईंच्या काळाच्या मानाने ही प्रगती फार मोठी आहे, आणि ती त्यांनी दाखवलेल्या वाटेने गेलेल्या असंख्य डॉक्टर-परिचारिकांची आहे. पण २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत दुसराही एक आकडा आहे. महाराष्ट्रातल्या वीस ते चोवीस वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के स्त्रियांचे लग्न अठरा वर्षे पुरी होण्याआधी झाले होते. पाचात एक! हा आकडा मला पुस्तकातला वाटत नाही. अकरावीत माझ्या बाकावर बसणारी एक मुलगी दिवाळीच्या सुट्टीनंतर परत आली नाही. तिचे अक्षर सुंदर होते आणि तिला शिक्षिका व्हायचे होते. बारावीच्या परीक्षेच्या दिवसांत ती बाजारात दिसली, कडेवर मूल होते. मी तिला हाक मारली नाही. काय बोलावे ते सुचले नाही म्हणून. त्याची मला आता लाज वाटते.

आपण आनंदीबाईंची जयंती साजरी करतो, फलकावर त्यांचे चित्र काढतो, भाषणे करतो. ते करावेच. पण त्या अमेरिकेला गेल्या या गोष्टीआधी त्या चौदाव्या वर्षी आई झाल्या, ही गोष्ट सांगावी. आपल्या वर्गातली एखादी मुलगी सुट्टीनंतर आली नाही, तर तिच्या घरी कुणीतरी जावे. मुलींनी जावे, सरांनी-मॅडमनी जावे. आणि घरात कुणी बाळंतपणाला आली असेल, तर डब्यात डिंक किती उरला हे पाहताना तिला रात्री झोप लागते का, एवढेही विचारावे.

बारशाच्या दिवशी पाळण्याला फुले बांधली होती. ताईने मुलीचे नाव ठेवायचा मान आजीला दिला. आजी बाळाच्या कानाशी वाकली आणि नाव सांगण्याआधी क्षणभर थांबली. तिच्या मनात तेव्हा दुसरे एखादे नाव आले असेल, सत्तर वर्षांपूर्वीचे, न ठेवलेले. मग तिने मुलीचे नाव सांगितले. ते आम्ही आधी ठरवलेले नव्हते. पण पहिल्यांदा ऐकले तेव्हाच सगळ्यांना पटले. तिने यमुना असे नाव ठेवले.